मोतीबिंदूआडचे हे

आमचे हे गेले त्यानंतर मी रोज सकाळी त्यांच्या फोटोशी बोलत असे. यात वेड्यासारखं काही नाही. आमच्या रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायका नवरा समोर बसलेला असतानाही भिंतीशीच बोलतात!

अडचण एवढीच की मोतीबिंदूपायी त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. दिवाळीच्या रंगकामानंतर सुनेनं फोटो पुन्हा टांगले, तोवर चौकटीत नुसतं धुकं उरलं होतं. त्या धुक्याला हार घालायचा नि विचारायचं, "अहो, पोहे केलेत. लिंबू पिळू?" एकदा तरी तो चेहरा नीट पाहावा, बस, एवढ्यासाठी मी डोळ्यात लेन्स बसवायला तयार झाले. रायपूर नवीनच राजधानी झालेलं, काचेचे दवाखाने उघडून राहिले होते. नागपूर गाठायची गरज नव्हती.

पण माझ्या हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. डॉक्टरांनी बजावलं, "माताजी, गोली बंद नहीं करना." तेवढ्यात सेवेला म्हणून अमरावतीहून नणंद आली.

"काहून खाऊन राहिली ते गोळी, वहिनी? पातळ रक्त, अन् डोळ्याले चाकू? पिचकारी उडन ना!"

"अगं, डॉक्टर म्हणतात…"

"त्याले म्हणाले काय जाते? डोळा त्याचा आहे का?"

तिनं गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवल्या नि मला त्याच रंगाची गॅसची गोळी देत राहिली. (मला कुठे दिसतंय!) ऑपरेशनच्या दिवशी रक्त घट्ट झाल्याचा रिपोर्ट पाहून डॉक्टर कडाडले, "आँख छोड़िए, जान जा सकती थी!" नणंदबाई एकदम भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचू लागल्या. आमची पाठवणी घरी! मी धुक्यापुढे रडले, "आता कधी दिसाल हो?"

शेवटी रक्त ठिकाणावर आलं, नि गोळी चालू ठेवूनच ऑपरेशन झालं. पिचकारी सोडा, थेंबही नाही! पट्टी निघाल्यावर यांच्या आवडीची जांभळी साडी नेसून फोटोपुढे उभी राहिले.

काळी टोपी. झुपकेदार मिशा. मामंजी!

सून म्हणाली, "आई, मुझे लगा आप आजोबाजी को बहुत मानती हैं!"

ज्या सासऱ्यांपुढे जन्मात मान वर केली नाही, त्यांना मी रोज सांगत होते, "रात्री तुमची फार आठवण आली हो!"

पदर डोक्यावर ओढला नि वळले. फ्रिजच्या वर, बिनहाराचे, हे. चेहरा अगदी तोच. किती वेळ पाहत राहिले.

मग म्हटलं, "अहो, तिथून सगळं दिसत होतं ना? मग एक हाक मारायची होती!"