विरजणाची वाटी

पुण्यात आल्यापासून पाहिलेलं हे पाचवं घर. एजंट नळ सोडून पाण्याचा जोर दाखवत होता आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होते. तिथल्या एकीनं शेजारच्या गॅलरीकडे वाटी पुढे केली. "विरजण दे गं, पोरांनी सगळं दही संपवलं." पलीकडचीनं हसत चमचाभर दही घातलं. माझ्या पोटात दुखलंच.

"त्या इमारतीत काही रिकामं आहे का हो?"

"तिथून कोणी हलत नाही, मॅडम."

कशाला हलतील? हलले ती मीच.

संध्याकाळी सांगलीहून आमच्या शेजारच्या मालूताईंचा फोन आला. तुमच्या जागी आलेली बाई फार गोड आहे, म्हणाल्या. सकाळीच विरजण मागायला आली होती.