मुजावरबाईंनी न सोडलेला माल

रझिया मुजावरबाईंची आणि माझी पहिली भेट उचगावजवळच्या एका औषध कारखान्यात झाली. मी प्रयोगशाळेत नवा होतो. बाई गुणवत्ता विभागाच्या प्रमुख होत्या. आम्लपित्तावरच्या पावडरीची एक पुडी त्यांनी माझ्या हातात दिली.

"दाबून बघा. फुगलीय?"

मी हो म्हणालो.

"मग पेशंटच्या आधी हवेतल्या ओलाव्यानंच औषध संपवलं."

पावडरीतला सोडा आणि सायट्रिक आम्ल कोरडे असेपर्यंत शेजारी शेजारी शांत असतात. दमट हवा लागली की पुडीतच वायू सुटतो, पावडरीचे खडे होतात आणि औषधाचा जोर जातो. हे बाईंनी मला असे शिकवले.

त्या पावसाळ्यात गोदामाच्या मागच्या भिंतीला ओल आली. भिंत दुरुस्त करा, हवा कोरडी ठेवणारे यंत्र बसवा, असे बाई उन्हाळ्यापासून सांगत होत्या. पिंपांतली पावडर दगडासारखी झाली तेव्हा मालकांनी फर्मावले, "फोडा, चाळा, भरा." माल बाजारात सोडायला लागणारी सही बाईंनी नाकारली. मालक सर्वांसमोर म्हणाले, "बाई, सोडाच हाय की. इख न्हाय. कोण मरतंय त्यानं?"

"मरत नाही. पण छातीत जळजळ घेऊन माणूस ती पितो आणि वाट बघत बसतो. त्याला काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी बाईंना खोकी मोजायला पॅकिंगमध्ये बसवले. माल दुसऱ्याच्या सहीने गेला आणि पुड्या फुगल्या म्हणून जयसिंगपूरच्या दुकानदारांकडून परत आला. मग भिंत दुरुस्त झाली, यंत्रही आले. त्याच्या उद्घाटनाला मालक स्वतःच्या दूरदृष्टीवर बोलले. बाईंना बोलावणे नव्हते. निवृत्तीपर्यंत त्यांना प्रयोगशाळेत परत घेतले नाही.

त्याच दिवसांत माझे वडील पोटातल्या जखमेमुळे कोल्हापुरात दवाखान्यात होते. नेसरीहून आलेल्या माझ्या आईला शहरात कुणी ओळखीचे नव्हते. बाई रोज वडिलांसाठी मऊ भात आणि आईसाठी भाकरी घेऊन येत. आईने एकदा विचारले, "बाई, रोज येतायसा. कामावर सुट्टी हाय व्हय?"

"हल्ली मला काम कमी असतं," बाई म्हणाल्या. आपल्यावर काय बेतले आहे, हे त्यांनी आईला कधीच कळू दिले नाही.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला सुचवले, की प्रसंग आनंदाचा आहे, जुने काढू नका. समितीचे अध्यक्ष तेच मालक आहेत. सत्कारात बाईंना शालही तेच घालणार आहेत. तरी मी लिहिले. बाईंच्या साठ वर्षांतून ती एक नाकारलेली सही वगळली, तर शाल नेमकी कशाबद्दल, हे मला सांगता येणार नाही.

बाई, आपण शंभरी पाहावी, आणि प्रकृती अशीच ठणठणीत राहावी. मालकांनाही उदंड आयुष्य लाभो. माफी मागायला काही माणसांना फार वेळ लागतो.