गिझरातलं थंड पाणी

भागीरथा काकू भर मे महिन्यात गिझरच्या पाण्यानं आंघोळ करते, अशी आमच्या गल्लीत वार्ता आहे. अकोल्याचा मे! डांबरात चप्पल रुतते. "काकू सटकली," असं शेजारचा मनोज सांगतो, आणि सांगता सांगता स्वतःच बनियननं घाम पुसतो.

वार्ता अर्धी खरी आहे. आंघोळीला काकू लाल ठिपक्याचाच नळ सोडते. पण गिझरचं बटन होळीपासून बंद असतं.

"अवं पोट्टे, टाकी उनात, पाइप उनात," काकू सांगते. "दुपारी साध्या नळाले चहाचं पाणी येते. मी पहाटेच गिझर गार पाण्यानं भरून ठेवतो. जे भांडं हिवाळ्यात गरम ठेवते, थे उन्हाळ्यात थंड नाही ठेवणार काय?"

बाकी गल्ली मात्र थंड पाण्याची वाट पाहत बादलीभर पाणी मोरीत सोडून देते. पाण्याचा तो आवाज काकूला पलीकडच्या घरातूनही ऐकू येतो. मग कमरेवर हात, मान तिरपी: "काहून वं रागिणी, मोरीले आंघोळ घालून राहिली काय?"

हे वाक्य मी काकूच्या आवाजात असं काढते की रागिणीताईनं एकदा खरंच नळ बंद केला होता. तिच्या हळदीत माझी हीच नक्कल ठरली होती. आईनं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

हळदीच्या आदल्या दुपारी मी काकूच्या घरी म्हटलं, "काकू, गिझरातून थंड पाणी? काहीबी नका फेकू."

"लाव पैज. थंड निघालं तं माही नक्कल बंद, कायमची. गरम निघालं तं हळदीत मी सोता तुह्या बाजूले उभी राह्यतो."

"लावली!"

मी न्हाणीत वाकले. काकूनं लाल नळाखाली तांब्या भरला आणि न सांगता माझ्या मानेवर उपडा केला. मी असं किंचाळले की बाहेर मनोजची सायकल आडवी झाली.

"थंड हाय काय?"

"...हाय."

"आता हळदीले काय करशीन?"

मी पार रडवेली झाले. खोलीत पंख्याखाली काकूचे यजमान, धर्मपाल काका, घोरत होते. काकूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर खोचून खाली बसली.

"याइची कर. बस, मी शिकवतो. पहिले शिट्टी. मंग नाक. घाई नोको करू."