पायऱ्यांवर बसणारी पोर

आमच्या काजूच्या बागेतून घराकडे यायला चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. नात टोपली घेऊन चढताना मधेच बसायची. मी वरून ओरडायचे, "मेल्ये, म्हातारी मी की तू?"

"दम लागता गो आजी."

मला तो आळस वाटायचा.

यंदा ती बावीस वर्षांची झाली, आणि त्याच पायऱ्यांवर घेरी येऊन पडली. ओरोसच्या जिल्हा इस्पितळात नेऊन छातीचा इको काढला. डॉक्टर म्हणाले, "हृदयातून फुफ्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्ताचा दाब जास्त असावा. पण हा अंदाज आहे. गोव्याला मोठ्या इस्पितळात हृदयापर्यंत नळी घालून मोजतात, त्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

मी म्हटलं, नर्सबाईने कालच दंडाला पट्टा बांधून दाब बघितला, चांगला आहे. ते म्हणाले, तो दाब वेगळा, हा पट्ट्याने कळत नाही. मी पटत नसल्याचं दाखवलं. खरं म्हणजे हृदयात नळी घालणार हेच मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली की होकार. मी विचारलं, "पोर घरीच बरी होईल ना?" उजवी पडली. घरी येऊन सांगितलं, गोव्याला जायचं नाही.

नात मोबाईलवर त्या आजाराचंच वाचत होती. म्हणाली, "देवाक इको दाखवलंस काय?"

मी देवळातला प्रसाद तिच्यापुढे ठेवला.

"माका काय झालाहा ता कळूक होया. नसला तर बरा. आसला तर औषध तरी सुरू होतला. तू कौल लावलंस तो तुझ्या भियापायी."

खरं होतं. तिला काय झालंय, हे मी देवाला विचारलंच नव्हतं. उत्तर आवडलं नसतं तर, म्हणून.

गोव्याला मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दम कधीपासून लागतो?" नातीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन-तीन महिने."

माझी चूक झाकायला बोलली ती. मी म्हटलं, "खोटं. तीन वर्षं. पायरीवर बसली की मी शिव्या घालायचे, म्हणून मला पक्कं माहीत आहे."

बाईंनी आधीचं खोडून तीन वर्षं लिहिलं.

नळीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आजाराला नाव अजून कुणी दिलेलं नाही. नातीला बागेत उतरू देत नाही. माझ्याने एका खेपेत अर्धीच टोपली येते. बाकीचे काजू झाडाखाली पडून आहेत.