थरथरत्या हाताची कासारीण

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. खांद्यांखाली उशी, डोकं मागं टाकलेलं आणि गळ्यावर ते थंडगार जेल. डॉक्टरबाई हातातलं यंत्र गळ्यावरून फिरवत होत्या आणि मी मनातल्या मनात बालाजीला विनवत होते, सूज निघू दे, नुसती सूज निघू दे.

मग त्यांनी एक बटण दाबलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल-निळे ठिपके भरून आले, जागाच उरली नाही. "याला डॉप्लर म्हणतात, यात रक्त वाहताना दिसतं," त्या म्हणाल्या. "तुमची ग्रंथी सगळीच फुगलीय आणि तिच्यात रक्त फार जोरात धावतंय. गाठ नाही. पण ही साधी सूज वाटत नाही, ताई. ग्रेव्हज दिसतोय."

गाठ नाही म्हटल्यावर माणसाला हायसं वाटावं. मला रडू कोसळलं. का, ते सांगते.

मी चिखलीची कासारीण. नवरीला चुडा भरणं हा आमचा पिढीजात धंदा. हात दाबायचा, बोटं जुळवायची आणि काचेची बांगडी अलगद मनगटावर उतरवायची. नवरीच्या घरचे म्हणायचे हिला हे माप जाणार नाही, आणि मी तेच माप चढवून दाखवायची. गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या सुमारास बांगड्या माझ्या हातात फुटायला लागल्या. आम्ही फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, पण रोज किती वाढवणार? मी काचेला दोष दिला. माल कच्चा पाठवला म्हणून व्यापाऱ्याशी कडाकडा भांडले, दुसऱ्याकडून माल आणला. तोही फुटला. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं.

जेवण दुप्पट झालं होतं आणि वजन उतरत होतं. थंडीत घाम यायचा. नुसतं बसलं तरी छाती धडधडायची. घरात मी सगळ्यांवर खेकसायची. "तू काऊन एवढी चिडून राह्यली?" असं आमचे हे विचारायचे, तर त्यावरूनही मी चिडायची.

मग एका मांडवात नवरीच्या हातावर लागोपाठ तीन बांगड्या फुटल्या. मनगटाला रक्त आलं. तिची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हात काऊन थरथरून राह्यला व तुहा? घेतं-बितं का काय?" नवरीचा चुडा फुटणं म्हणजे अपशकुन. बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. बोलावणी अमडापूरच्या चंद्रकलाबाईकडे जायला लागली. ती पण कासारीणच, माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी.

चिखलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हायपरथायरॉयडिझम निघाला. म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते आणि सगळं शरीर विनाकारण पळत राहतं. डॉक्टर म्हणाले, "रक्तावरून हार्मोन वाढल्याचं कळलं. का वाढलं, त्यासाठी सोनोग्राफी करू. ग्रंथीला नुसती सूज असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत आपोआप उतरेल. ग्रेव्हज असेल, तर वर्ष-दीड वर्ष गोळ्या."

माझी एकुलती एक मुलगी वर्षा, तिचं लग्न दोन महिन्यांवर, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर होतं. तिचा चुडा मी भरायचा, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. म्हणून मी बुलढाण्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत सूज मागत होते.

रक्ताच्या आणखी एका तपासणीनं ग्रेव्हज पक्का केला. आपलंच शरीर आपल्या ग्रंथीला डिवचत राहतं, असा तो आजार. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. थरथर लवकर थांबवणारी वेगळी गोळी असते असं कळलं होतं, ती मी मागितली. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला दमा आहे, त्या गोळीनं तो उसळू शकतो. ती गोळी मी देणार नाही." एवढीशी आशा होती, तीही गेली. घरी येऊन मी देवासमोर दिवासुद्धा लावला नाही.

तुमच्यापैकी कोणाचे हात असे कापत असतील, खाऊनही अंग झडत असेल, तर वेळ घालवू नका. सोनोग्राफी दुखत नाही, उपाशी जावं लागत नाही. आणि ग्रेव्हजच्या गोळ्या चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मला हे बजावून सांगितलं होतं.

लग्नाआधी रक्तातल्या हार्मोनचे आकडे थोडे उतरले. हात मात्र कापतच होता. हळदीच्या आदल्या दिवशी वर्षा माझ्यापुढे बसली. "आई, मले तूच भर. फुटली त फुटली." दोन बांगड्या नीट चढल्या. तिसरी तिच्या मनगटावर फुटली. "लागलं नाई व," म्हणत तिनं हात ओढणीखाली घेतला. ओढणीला रक्ताचा डाग पडलेला मी पाहिला. त्या क्षणी वाटलं, हे हात मनगटापासून तोडून टाकावेत.

चंद्रकलाबाईला मीच फोन केला.

ती आली. वर्षाचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे केले, एक काच तडकली नाही. पोर उठून तिच्या पाया पडली. चुडा भरणारीच्या पाया पडायची रीतच आहे, पण ते पाहताना माझा जीव तीळ तीळ तुटला. मी आत जायला निघाले.

"तू कुठं चालली व? नवरीच्या मायले चुडा नको का?" चंद्रकलाबाई म्हणाली. "बस अठी."

माझ्या बांगड्या मी नेहमी माझ्याच हातानं भरल्या होत्या. मी हात मागं घेतला. "लय कापते व," मी म्हणाले.

"कापू दे. मी धरतो."

तिनं माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. एकेक बांगडी तशा थरथरत्या हातावरून चढत गेली. मला तिचा हेवा वाटत होता आणि तिचे उपकारही वाटत होते. या हातांनी मी पुन्हा कोणा नवरीला चुडा भरेन की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. शेवटची बांगडी चढली तेव्हा मी तिच्या पाया पडायला वाकले, पण नीट वाकता येईना. माझा हात तिनं अजून सोडलाच नव्हता.