पंपाजवळचं स्टूल

शेजाऱ्यांनी जी बदली नाकारली होती, तिचे पेढे मी त्यांच्या बायकोला देऊन आलो.

हे शेजारी म्हणजे सोनिवलीच्या आमच्या बिल्डिंगमधला समुद्रावरचा माणूस. पंधरवडा तिकडे तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर, पंधरवडा घरी. आमच्याकडे चहाला आले की थेट स्वयंपाकघरात शिरतात, पाइपच्या गॅसची निळी ज्योत वाकून बघतात आणि म्हणतात, "आमच्याकडूनच आलाय." सासरी दिलेल्या लेकीची खुशाली बघायला यावं तसे. मी म्हणतो, "मग बिलही तुमच्याकडेच पाठवतो." ते हसत नाहीत. ज्योत जरा पिवळी दिसली की बर्नर काढून धुवायला घेतात. आमची ही खूश, कारण मी स्वतःची बशीसुद्धा विसळत नाही.

घरी त्यांना चैन म्हणून नाही. आल्या दिवशी नळ, मग दारांच्या कड्या, मग शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्या. दुरुस्त करायला काही उरलं नाही की जिना, वर-खाली, वर-खाली. शेवटी पंपरूमच्या दारात प्लास्टिकचं स्टूल टाकून बसतात. पंप घुमायला लागला की खांदे सैल पडतात. बंद झाला की मला फोन. मी सोसायटीचा सेक्रेटरी ना!

"सेक्रेटरी, बंद का झाला?"

"टाकी भरली हो."

"बरं," म्हणतात, पण पटलेलं नसतं. तिकडे मशीन गप्प झालं म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. शांततेने दचकणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? त्यांना बरं वाटावं म्हणून मी एकदा पंप चालूच ठेवला. टाकी वाहून गच्चीवरचे सगळ्यांचे पापड भिजले. तेव्हापासून पंपाची चावी आमच्या हिच्याकडे असते.

वहिनींचं एकच मागणं, किनाऱ्यावरचं ऑफिस. ते सांगायचे, "देत नाहीत गं." आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात एकाचा मेहुणा त्यांच्याच खात्यात आहे. त्याच्याकडून कळलं, बदलीची ऑर्डर आली. माझा जन्म बॉयलरशेजारच्या टेबलावर गेला. एसी ऑफिसला कुणी नाही म्हणेल हे डोक्यातच आलं नाही. कुळगावातून पेढे घेतले आणि बेल वाजवली. ते तेव्हा समुद्रावर होते.

वहिनींनी पेढा हातात धरला. "कधी आली ऑर्डर?"

"झाला की महिना," मी हौसेने म्हणालो.

महिन्याभरात ते घरी राहून गेले होते. वहिनींनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

ते परत आले त्या दिवशी भांडण ऐकू यावं म्हणून मी टीव्ही बारीक केला. काहीच ऐकू आलं नाही. मग तेच आमच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. मी माफी मागायला लागलो, तर ज्योतीकडे बघत म्हणाले, "घर माझ्यावाचून चालायला शिकलंय, सेक्रेटरी. मी आलो की पाहुणा. कायमचा पाहुणा होऊन काय करू?"

आमच्या हिने विचारलं, "हे वहिनींना सांगितलंत?"

"नाही."

"मग आमच्या ओट्याला काय सांगताय? जा घरी."

चहा तसाच ठेवून गेले. काय बोलणं झालं देव जाणे, पण या खेपेला जाताना वहिनींना सांगून गेलेत, स्वतःहून बदली मागतो, मगच परततो.

आता समुद्र खवळलाय. त्यांना आणणारं हेलिकॉप्टर उडत नाही, फोन लागत नाही. काल हिच्याकडून चावी घेऊन पंप लावायला खाली गेलो, तर त्या स्टुलावर वहिनी. मी बटण दाबलं. पंप घुमायला लागला, तरी त्या उठल्या नाहीत.

"ते काय ऐकतात यात, ते बघतेय," म्हणाल्या.

मला राहवलं नाही. घसा खाकरून म्हणालो, "वहिनी, काळजी करू नका. एक-दोन दिवसांत येतील, आणि बदलीचंही बघा..."

"भावजी, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही सांगितलेलं आमच्या घरात खरं होत नाही."