रस्त्यापलीकडची वायर

पोंभुर्ण्यात इंटरनेट पुरवण्याच्या धंद्यात चार वर्षं काढली की माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र भरपूर साठतात. हसत हसत सांगतो खरा, पण आतून जळतं!

आमच्या ऑफिससमोर, रस्ता ओलांडला की दुसऱ्या कंपनीचं ऑफिस. पण दोघांची नेटवर्कं भेटतात थेट मुंबईत! म्हणजे आमच्या गिऱ्हाइकानं समोरच्या घरी फोटो पाठवला, की तो मुंबईला जाऊन परत येणार. आमचा लाइनमन विनोदभाऊ म्हणायचा, "मधात वीस फुटाची वायर टाकाची, झालं!" मी चंद्रपूरच्या साहेबांना मेल टाकला. उत्तर आलं, "ते आपले काँपिटिटर आहेत. बोलणी शक्य नाहीत."

*

एकदा जंगलात केबल तुटली. विनोदभाऊ निघाला, तर रस्त्यातच वाघ बसलेला. तेवढ्यात साहेबांचा फोन, "लाइन कधी चालू होईल? नक्की वेळ सांग."

"वाघाले विचारून सांगतो, साहेब!"

त्या आठवड्यात कारणे दाखवा नोटीस आली. विनोदभाऊला. वाघाला नाही.

*

मग साहेबांनी बॅकअप लाइन घेतली. पेढे वाटले. आठच दिवसांत रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं एका फटक्यात दोन्ही लाइनी तोडल्या! जंगलात दुसरी नाली खोदायला परवानगी मिळेना, म्हणून बॅकअपही त्याच नालीत टाकली होती. समोरच्या कंपनीची केबलही तिथंच.

"मंग याले बॅकअप काऊन म्हणतेत?" विनोदभाऊनं विचारलं.

*

यंदा विनोदभाऊची माय छातीत दुखतं म्हणून गावच्या आरोग्य केंद्रात गेली. पोंभुर्ण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर व्हिडिओवरून नर्सबाईंना कोणतं इंजेक्शन द्यायचं ते सांगत होते, आणि जेसीबीनं पुन्हा नाली उकरली. त्याच केबलींवर चालणारे मोबाइलचे टॉवरही गेले. दवाखाना आमच्या लाइनवर, आरोग्य केंद्र समोरच्यांच्या. तालुक्यात दोन्ही लाइनी धडधाकट, फक्त एकमेकींना भेटायला मुंबईला जाता येईना!

विनोदभाऊनं कोणालाच विचारलं नाही. शिडी उचलली. समोरचा टेक्निशियन अशोक आपल्या गच्चीवर चढला. वायर रस्त्यावरून गेली, अशोकनं तिकडचा राउटर जुळवला, मी इकडचा. दवाखान्यातल्या पडद्यावर नर्सबाई पुन्हा दिसल्या. इंजेक्शन दिलं. माय वाचली.

चौथ्या दिवशी हुकूम आला: विनापरवाना जोडणी दोन्ही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसमक्ष काढून टाका. कापायचं काम विनोदभाऊवरच आलं. शिडीवरून तो म्हणाला, "राहू द्या ना, साहेब. उद्या दुसऱ्या कोणाची माय राहीन."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. विनोदभाऊनं वायर कापली.

मग आमचे साहेब आणि समोरच्या कंपनीचे साहेब, ज्या एका गाडीतून आले होते, तिच्यातच बसून चंद्रपूरला परत गेले.